नकाशा उघडा ठेवायचा होता

पहिला फोन पायवाटेवरूनच आला. आमच्या गटातला एक दादा तिघा नवख्यांना घेऊन रानात गेला होता. पुढचा पाणवठा कुठे आहे ते पाहायला त्याने आमचा नकाशा उघडला, तर पांढऱ्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. "ताई, रेंज आहे, बाकी सगळं उघडतंय. फक्त आपलंच उघडत नाहीये," तो म्हणाला. तो झरा मीच नोंदवला होता, म्हणून मला फोनवर वाट सांगता आली: दुभंगलेल्या खडकापासून डावीकडे, उतार लागला की खालच्या अंगाला. पण नकाशावरच्या बाकीच्या हजारो जागा मला पाठ नाहीत. त्या दिवशी त्या कुणालाच दिसत नव्हत्या.

आमचा नकाशा पायवाटांचा आणि पाण्याचा. कुठली वाट झुडपांनी बुजली, कुठला झरा उन्हाळ्यात आटतो, कुठल्या ओढ्यावरचा साकव वाहून गेला, अशा नोंदी चालणारी माणसं स्वतः करतात आणि एकमेकांच्या तपासतात. खालचा पाया ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेल्या मुक्त नकाशाचा. वरचा थर आमचा. हे सगळं भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर चालतं. सांभाळणारे आम्ही तिघं, तेही आपापली नोकरी संपल्यावर, रात्री. इतकी वर्षं तो सर्व्हर आम्हाला पुरून उरत होता.

आधी मला माझ्याच कामाची शंका आली. आदल्या आठवड्यात मी डेटाबेसमध्ये एक बदल केला होता, तो मागे घेतला. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. वीस मिनिटं बरी गेली आणि पुन्हा तेच. डेटाबेसच्या शंभरच्या शंभर जोडण्या भरलेल्या, रांगेत आणखी शेकडो. आमच्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ही मर्यादा मुळात शंभरच असते आणि आम्हाला ती कधी बदलावी लागली नव्हती. मग मी लॉग, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक मागणीची (रिक्वेस्टची) नोंदवही, उघडला आणि पहाटेपर्यंत तो वाचत बसले.

लॉग वाचायची सवय असली की माणसाचा माग ओळखू येतो. एक पान उघडलं जातं, मागोमाग रंगरूपाची फाइल, जावास्क्रिप्ट, मग पंधरा-वीस टाइल्स. टाइल म्हणजे नकाशाचा २५६ पिक्सेलचा चौकोनी तुकडा. या टाइल्स शेजारशेजारच्या असतात. माणसाने बोटाने नकाशा सरकवला की त्या बाजूची एक रांग नव्याने मागवली जाते. तो थांबतो, एखाद्या झऱ्यावर टिचकी मारतो, अर्ध्या मिनिटाने परत येतो. एखादा माणूस वाट शोधतोय की घरी बसून पुढच्या भटकंतीचा बेत करतोय, हेसुद्धा त्यावरून कळतं. मला हे वाचायला नेहमीच आवडत आलंय.

त्या रात्रीच्या लॉगमध्ये असला माग नव्हता. पान मागितलं जायचं आणि पुढे काहीच नाही. रंगरूप नाही, टाइल नाही. नकाशाच्या पानावर येऊन जो एकही टाइल मागत नाही, त्याने नकाशा पाहिलेलाच नसतो. ओळख म्हणून प्रत्येक रिक्वेस्ट एखाद्या ब्राउझरचं नाव सांगत होती, पण त्यातल्या कित्येक आवृत्त्या इतक्या जुन्या होत्या की आज कुणाच्या फोनवर त्या सापडणार नाहीत. शिवाय जवळजवळ प्रत्येक रिक्वेस्ट वेगळ्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या वेगळ्या जोडणीवरून.

आणि मागितली जाणारी पानं कुठली? शोधाच्या पानावर आम्ही चौदा चौकटी दिल्या होत्या: पाणी बारमाही आहे का, सावली आहे का, वाट घसरडी आहे का, असं बरंच काही. चौदा चौकटी, प्रत्येक चालू किंवा बंद, म्हणजे १६,३८४ जोड्या. त्यात सापडलेल्या जागा क्रमाने लावायच्या पाच पद्धती, म्हणजे ८१,९२० पानं. ही सगळी एकाच भागासाठी. नकाशा थोडा सरकवला की तेवढीच पुन्हा. चालणारा माणूस यातली दोन-तीन पानं पाहतो. बॉट, म्हणजे माणसाशिवाय आपोआप पानं ओढणारा प्रोग्राम, मात्र प्रत्येक चौकटीची लिंक घेऊन पुढे जातो, तिथे त्याला नव्या लिंका मिळतात, आणि हे कधी संपत नाही.

त्याहून जड पान म्हणजे नोंदींच्या इतिहासाचं. एखाद्या वाटेच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून रेषा कुठे हलली ते तिथे दिसतं. एका वाटेच्या चाळीस आवृत्त्या असतील तर त्यांच्या ७८० जोड्या होतात. प्रत्येक जोडीसाठी सर्व्हरला दोन्ही रेषा काढून, बिंदू जुळवून, फरक रंगवावा लागतो. एका तुलनेला दीड-दोन सेकंद. आम्हा माणसांना महिन्यातून कधीतरी लागणारी ही सोय. आता ती रात्रंदिवस, सेकंदाला कित्येकदा मागितली जात होती.

हा त्रास आमच्या एकट्याचा नव्हता, हे लवकरच कळलं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं होतं की जानेवारी २०२४ पासून त्यांच्या चित्रं-चित्रफितींच्या डाउनलोडचा भार ५० टक्क्यांनी वाढला. त्यांना सर्वांत महाग पडणाऱ्या रहदारीतली ६५ टक्के बॉटची होती, आणि पानं पाहण्याच्या एकूण संख्येत मात्र बॉटचा वाटा सुमारे ३५ टक्के. कारणही तेच, जे मी त्या रात्री पाहत होते. माणसं पुष्कळदा तीच तीच पानं पाहतात, म्हणून ती कॅशमध्ये, म्हणजे हाताशी ठेवलेल्या साठ्यात, तयार असतात. बॉट कधी कुणी न उघडलेली पानं उघडतात, आणि ती दर वेळी नव्याने घडवावी लागतात. एवढ्या मोठ्या संस्थेला त्याची झळ लागते, मग चार प्रोसेसरच्या सर्व्हरचं काय होणार?

मला सर्वांत जास्त कशाने लागलं ते सांगते. आमची सगळी माहिती एका फाइलमध्ये आम्ही दर आठवड्याला मोफत ठेवतो. ओपनस्ट्रीटमॅपही संपूर्ण जगाची फाइल अशीच दर आठवड्याला देतो. कुणाला एआयचं यंत्र शिकवायला आमच्या नोंदी हव्या असतील तर एक रिक्वेस्ट, एक फाइल, काम झालं. परवान्याच्या अटी पाळा, एवढंच आमचं म्हणणं. त्या फाइलला त्या आठवड्यात कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

उपाय सुरू केले ते सोप्यापासून. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही पद्धत मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली आणि २०२२ मध्ये ती इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजांत आरएफसी ९३०९ म्हणून नोंदली गेली. क्रॉलरने, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या बॉटने, कुठे जावं आणि कुठे जाऊ नये, हे त्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं. आमची फाइल जुनी होती, तीत इतिहासाची पानं वर्ज्य करायची राहूनच गेली होती. ती दुरुस्त केल्यावर आपलं खरं नाव सांगणारे काही क्रॉलर दोन दिवसांत मागे हटले, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. पण ती फाइल म्हणजे दारावरची विनंती, कुलूप नव्हे. खोटं नाव घेऊन येणाऱ्यांना तिने काहीच फरक पडला नाही.

मग पत्ते अडवायला घेतले. एका पत्त्यावरून मिनिटाला अमुक इतक्याच रिक्वेस्ट, त्यापुढे ४२९ हा नकार. पण तासाभरात एका पत्त्यावरून दोनच रिक्वेस्ट येत असतील तर मर्यादा लागणार कुणाला? म्हणून मी पत्त्यांचे अख्खे पट्टेच बंद केले. डेटा सेंटरचे पट्टे बंद केल्यावर दोन दिवस शांतता मिळाली. तिसऱ्या दिवशी तीच पानं घरगुती आणि मोबाइल जोडण्यांवरून मागितली जाऊ लागली. काही फुकट ॲपमध्ये असा कोड घातलेला असतो की तो वापरणाऱ्याच्या फोनवरून परक्या लोकांची रहदारी जाते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. असे लाखो फोन भाड्याने देण्याचा धंदा चालतो. म्हणजे माझ्या लॉगमधला तो पत्ता एखाद्या निष्पाप माणसाचा होता.

इथे माझ्या हातून चूक झाली. चिडून मी मोबाइल जोडण्यांचे काही मोठे पट्टे बंद केले. मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात, हे मला माहीत होतं. त्या रात्री ते लक्षात घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सहा सदस्यांचे निरोप आले, की त्यांना नकाशा दिसत नाही. त्यातले दोघं तेव्हा वाटेवर होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. सगळे पट्टे मी त्याच संध्याकाळी उघडले. त्यानंतर कुठलाही उपाय करण्याआधी आम्ही तिघांनी एक कसोटी ठरवून घेतली: जुना फोन, कमी चार्जिंग, अर्धी रेंज, आणि समोर फाटा फुटलेली वाट. अशा माणसाला नकाशा दिसला पाहिजे. न दिसल्यास तो उपाय कितीही हुशारीचा असला तरी बाद.

या कसोटीवर पहिला तपासला तो कोडं घालण्याचा उपाय. झी आयासो यांनी जानेवारी २०२५ मध्ये अनुबिस नावाचं मुक्त साधन आणलं. मृतांचं हृदय तोलणाऱ्या इजिप्तच्या देवाचं हे नाव. पान देण्याआधी ते ब्राउझरला एक गणित घालतं: असा आकडा शोध की ज्याचा एसएचए-२५६ हॅश (त्यावरून निघणारी, सोळा चिन्हांत लिहिलेली ठरावीक लांबीची खूण) अमुक इतक्या शून्यांनी सुरू होईल. चार शून्यं हवी असतील तर सरासरी ६५,५३६ प्रयत्न लागतात. एका माणसाला एकदाच सोडवायचं असल्याने ते किरकोळ. लाखो पानं ओढणाऱ्याला मात्र त्याचं बिल चढतं. विचार मला फार पटला. साधन बसवलं आणि तासाभरात सर्व्हरने श्वास घेतला.

मग मी माझा सर्वांत जुना फोन काढला. नव्या फोनवर डोळ्याची पापणी लवते तोवर सुटणारं गणित त्याला दहा सेकंदांहून जास्त पुरलं, आणि फोन तापला. शिवाय आमचे बरेच सदस्य नकाशाचा थर दुसऱ्या भटकंतीच्या ॲपमध्ये उतरवून घेतात. ते ॲप ब्राउझर नसल्याने त्याला गणित सोडवताच येईना. साधनात काही उणं नव्हतं, ते सांगितलेलं काम चोख करत होतं. आमची माणसंच वेगळ्या परिस्थितीत नकाशा उघडतात. नकाशावरून आणि जागांच्या पानांवरून मी ते काढलं, फक्त दोन-तीन जड पानांवर ठेवलं.

मग गटात लॉगिनचा विषय निघाला. सगळा नकाशा सदस्यांपुरता करायचा, की प्रश्नच मिटला. दमलेल्या अवस्थेत मलाही ते बरं वाटू लागलं होतं. तेव्हा आमच्यातले सर्वांत जुने काका, ज्यांनी एकट्याने शेकडो झरे पायी फिरून नोंदवलेत, ते म्हणाले, "अगं, वाट चुकलेला माणूस आधी खातं उघडेल, मग ईमेल तपासेल, आणि मग पाणी शोधेल का?" कुणीच त्यावर उत्तर दिलं नाही. तो विषय पुन्हा निघाला नाही.

खरं काम त्यानंतर सुरू झालं आणि ते तीन महिने चाललं. आतापर्यंत मी दारात उभी राहून येणाऱ्यांचे चेहरे ओळखत होते. आता प्रश्न बदलला: एखादं पान दिल्याने आपल्याला एवढी किंमत का मोजावी लागते? झऱ्याचं पान वर्षातून दोनदा बदलतं आणि आम्ही ते प्रत्येक रिक्वेस्टला डेटाबेसमधून नव्याने रांधत होतो. त्याची काहीच गरज नव्हती. आता एखादी दुरुस्ती मंजूर झाली की त्या जागेचं पान एकदाच तयार होतं आणि साधी फाइल म्हणून पडून राहतं. सर्व्हर ती उचलून देतो, डेटाबेसला कळतही नाही. मागणारा माणूस की बॉट, हे मग विचारावंच लागत नाही.

चौदा चौकटींचा चक्रव्यूह फोनमध्ये हलवला. त्या भागातल्या सगळ्या जागांची एक दाबून लहान केलेली फाइल एकदा फोनवर जाते आणि गाळणी तिथेच चालते. निवडलेल्या चौकटी पानाच्या पत्त्यात # या खुणेनंतर लिहिल्या जातात. पत्त्याचा तो भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. म्हणून कुणी मित्राला आपला शोध पाठवू शकतो, पण सर्व्हरपुरतं ते एकच पान असतं. ८१,९२० पानांचं एक पान झालं, आणि रेंज गेल्यावरही शोध चालू राहू लागला. हे आम्ही बॉटसाठी केलं नसतं तरी करायला हवं होतं.

टाइल्सचं वेगळं दुखणं होतं. झूम ० ला अख्खं जग एका टाइलमध्ये मावतं, पुढच्या प्रत्येक पायरीला संख्या चौपट होते, आणि झूम १८ ला ती ६८ अब्ज ७१ कोटींच्या वर जाते. काही बॉट एका कोपऱ्यापासून ओळीने टाइल्स मागत सुटले होते, अगदी समुद्राच्या मधल्यासुद्धा. तिथे आमची एकही वाट नाही, तरी "काही नाही" हे सांगण्यासाठी आम्ही प्रत्येक वेळी डेटाबेसला विचारत होतो. आता आमच्या हद्दीबाहेरच्या मागणीला एकच रिकामी टाइल मिळते. हद्दीतल्या टाइल्स झूम १४ पर्यंत आधीच तयार असतात. त्या रेषांच्या रूपात असल्याने त्यापुढचं मोठं करून दाखवायचं काम फोनच करतो.

जे खरोखर महाग आहे, त्याला रांग लावली. अशी जास्तीत जास्त दहा कामं एका वेळी. अकराव्याला ५०३ आणि "थोड्या वेळाने या" असा निरोप. त्यामुळे ती पानं कितीही झोडपली गेली तरी नकाशाला धक्का लागत नाही.

एक सापळाही लावला. रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये स्पष्ट वर्ज्य केलेली, डोळ्यांना न दिसणारी लिंक. तिच्यावर जो जाईल तो तासभर बाहेर. पहिल्याच आठवड्यात आमची एक दृष्टिहीन सदस्य अडकली. ती चालत नाही, पण लोकांनी पाठवलेल्या नोंदींचं भाषेचं काम ती करते, आणि तिचा स्क्रीन रीडर ती लिंक मोठ्याने वाचत होता. तिला काय वाटलं असेल, या विचाराने मला फार वाईट वाटलं. लिंक स्क्रीन रीडरला आणि कीबोर्डच्या टॅबला दिसणार नाही अशी केली, तिनेच ती तपासून दिली, आणि सापळ्यात सापडलेल्याला आता एक साधं बटण मिळतं, जे दाबून तो लगेच आत येऊ शकतो.

शोधयंत्रांचे क्रॉलर मात्र आम्ही नीट ओळखून आत घेतले. नवे चालणारे बहुतेक त्यांच्यामार्फतच आमच्यापर्यंत येतात. नाव कुणीही लावतं, म्हणून आयपी पत्त्यावरून त्या संगणकाचं नोंदवलेलं नाव शोधायचं आणि त्या नावावरून पुन्हा तोच पत्ता मिळतो का ते पाहायचं. दोन्ही जुळलं तर खरा.

बॉट आजही येतात. त्यांची संख्या कमी झाली असं मी म्हणणार नाही; काही आठवडे तर वाढलीच. फरक एवढाच, की आता त्यांच्या हाती तयार फाइली पडतात आणि प्रोसेसर निवांत असतो. त्या दादाने गेल्या महिन्यात त्याच फाट्यावरून मुद्दाम पान उघडून पाहिलं आणि मला नुसतं चित्र पाठवलं: झरा, त्याची निळी खूण, खाली आमच्या नोंदी.

एक गोष्ट मात्र गमावली आणि ती मला अजून सलते. इतिहासाची तुलना आता लॉगिनमागे आहे. पूर्वी कुणीही अनोळखी माणूस पाहू शकत असे, की एका झऱ्याची नोंद "इथे पाणी" या दोन शब्दांपासून सुरू होऊन सात जणांच्या सात फेऱ्यांनंतर कशी पक्की झाली. कित्येक नवे सदस्य ते वाचूनच नोंद करायला शिकले होते. मी स्वतः तशीच शिकले. आता जागेच्या पानाखाली प्रत्येक आवृत्तीचा मजकूर आणि तारीख क्रमाने, तयार फाइलमध्येच द्यायला सुरुवात केली आहे. रेषा हललेली त्यात दिसत नाही, पण गोष्ट वाचता येते. जुन्या आवृत्त्यांमध्ये लोकांनी कधी फोन नंबर, कधी घरचा पत्ता लिहून ठेवलाय, तो आधी काढावा लागतो, म्हणून प्रत्येक जागा हाताने तपासावी लागते. कुठून सुरुवात करायची याची यादी काकांनी दिली आहे, त्यांनी सर्वांत आधी नोंदवलेल्या चाळीस झऱ्यांची. त्यातले बारा झाले आहेत.